देवबाग ते निवती : होडीतून गरवायचा (गरीने मासे धरायचा) एक दिवस आणि माझी चुकलेली पाऊणकी

खाडीपलीकडचा | शनिवार, रात्री ९.१०

उजवा अंगठा अजून बटाट्यासारखा आहे, त्यामुळे टंकताना चुका होतील, सांभाळून घ्या. अंगठ्याची गोष्ट खाली येईलच.

गेल्या आठवड्यात चार दिवस आजोळी, देवबागला होतो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, तिच्याही पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. ही पट्टी संपते तिथे खाडी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे आणि त्याच्या दक्षिणेला निवतीचा किल्ला. पर्यटक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा तुकडाही या खाडीच्या तोंडाशीच.

मामाची अठरा फुटी फायबरची होडी आहे, मागे दहा हॉर्सपॉवरचं मशीन. मामा आता सत्तरीत, गुडघे बोलतात, म्हणून तो आला नाही. मी आणि मामेभाऊ बंड्या, दोघंच. बंड्याचं कुडाळात दुकान आहे. होडी चालवतो चांगली, पण दर्यावर महिन्यातून एखाद्या वेळेस जाणार. मी ठाण्याचा. म्हणजे होडीत खरा दर्यावर्दी कोणी नव्हता, हे आधीच कबूल करतो.

तिथी पौष वद्य तृतीया. आदल्या रात्री मामाने ओटीवर बसून सांगितलं, "पाणी सव्वा-दीडाक भरतला. मगे रवा नको. दोनाच्या आत हय येवा." मी मान डोलावली आणि मनात माझं गणित केलं. बाबांनी लहानपणी गिरगाव चौपाटीवर शिकवलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे पूर्ण भरती सव्वादोनला. मामा वयानुसार तासभर हातचा राखून सांगतोय, असं मी ठरवून टाकलं. या धाग्याचा सगळा मसाला त्या ठरवण्यात आहे.

सकाळी पावणेसातला खाडीतून निघालो. पाणी जवळजवळ सुकलेलं, तोंडाशी वाळू डोकावत होती, पण वारा मतलई. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, गार, कोरडा, गवताचा वास असलेला. त्या वाऱ्यात दर्या परातीतल्या पाण्यासारखा असतो. तोंडातून बाहेर पडलो तेव्हा होडी हललीसुद्धा नाही. निवतीच्या बाजूला दोन गादे (डॉल्फिन) पाठी दाखवून गेले. बंड्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, तो सुंगटं (कोळंबी) सोलत होता.

पहिला नांगर भोगव्यासमोर, वाळूवर, तीन वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात. इथे मुडदुशे. बोटभर ते वीतभर लांब, चंदेरी, निमुळत्या तोंडाचा मासा. वाळूत तोंड खुपसून खातो, म्हणून आमिष तळाला टेकलंच पाहिजे. बारीक गरी, त्यावर सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा, खाली जेमतेम बुडेल इतकंच शिसं. मुडदुशी आधी दोनदा टुकटुक करते, दार वाजवून आत येणाऱ्या शेजाऱ्यासारखी. पहिल्या टुकटुकीला हिसका दिलात तर गेली. तिसऱ्यांदा तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) जरा जड वाटतो तेव्हा नुसतं मनगट उचलायचं.

माझ्याकडे सात फुटी रॉड, स्पिनिंग रील, वीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे लीडर, म्हणजे गरीजवळचा दोरीचा तुकडा. बंड्याकडे पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस. आता तंगूसवाल्याने रॉडवाल्याची जिरवली अशी गोष्ट येणार असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. दहापर्यंत त्याच्या अकरा, माझ्या नऊ. फरक इतकाच की केंडांनी माझे चार लीडर कापले, त्याच्या दोन गऱ्या. केंड म्हणजे तो फुगणारा मासा. दात असे की तंगूस कात्रीने कापल्यासारखा सरळ तुटलेला वर येतो, काही कळत नाही, फक्त हात हलका लागतो. एक वर आला तोही पोटात हवा भरून, फळीवर चेंडूसारखा घरंगळत, दात करकर वाजवत. परत टाकला.

साडेदहाला निवतीच्या खडपाकडे (पाण्यातल्या खडकांकडे) सरकलो. चार-पाच वाव पाणी, तळाशी दगड, आणि आता भरती जोरात. खडपात गरवायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: मासा लागला की पहिल्या दोन सेकंदांत त्याला तळापासून उचलायचं. गोबरा आमिष घेतो आणि थेट बिळात शिरतो, कल्ले पसरून बसतो, मग तुम्ही दिवसभर ओढा. दोन गोबरे असे घालवले, दोन छोटे मिळाले. बाराच्या पुढे पाणी मंद व्हायला लागलं, आणि एक तांबोशी लागली, पावणेदोन किलोची. घरी वजन केलं म्हणून सांगतो, होडीत ती चार किलोची होती.

मग अंगठा. एक वाजून गेला होता. शेंगाळा आला, हातभर. शेंगाळ्याला तीन काटे: एक पाठीवर, दोन बाजूंच्या परांना, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. हे मला माहीत होतं. फडकं घेऊन धरलाही होता. गरी काढताना त्याने एक झटका दिला आणि बाजूचा काटा अंगठ्याच्या पेरात शिरून बाहेर आला. कळ खांद्यापर्यंत गेली. विंचू चावल्यावर कसं वाटतं ते माहीत नाही, पण आता अंदाज आहे. बंड्या म्हणाला, गरम पाण्यात धर. गरम पाणी कुठलं? थर्मासमध्ये चहा होता. शेवटी स्टीलच्या पेल्यात चहा ओतला आणि त्यात अंगठा बुडवून बसलो. डाव्या हाताने रॉड. हसू नका, दहा मिनिटांत कळ अर्ध्यावर आली.

तेवढ्यात मासा लागतच होता. बंड्याने एकदा विचारलं, "बाबान् दोनाच्या आत सांगल्यान ना?" मी पेल्यातला अंगठा न काढता त्याला पाऊणकी समजावली. सव्वादोनपर्यंत पाणी भरणार, भरलेल्या पाण्यावर आरामात आत शिरू. त्यालाही मासा लागत होता, त्यामुळे पटलं.

दोन वीसला नांगर उचलला. तोवर वारा फिरला होता, वायव्येचा खारा वारा, दुपारी सुटतो तो. पावणेतीनच्या सुमारास तोंडाशी आलो आणि मी गप्प झालो. सकाळी जिथून परातीतून आल्यासारखे आलो होतो तिथे पांढऱ्या लाटांच्या तीन रांगा. खाडीचं पाणी बाहेर धावत होतं, वारा आणि लाट आत येत होते, दोघांची गाठ वाळूच्या उथळ पट्ट्यावर. ओहोटी लागून तास-सव्वा तास झाला होता. आणि हे दर मिनिटाला वाढणार. पुढची भरती लागणार रात्री, अंधारात.

मामाला फोन लावला. तो ओरडला नाही, त्याने मला जास्त भीती वाटली. "भायरच रवा. मी येतंय बघूक." पंधरा मिनिटांनी वाळूच्या टोकावर दिसला, हातात लाल पंचा. दर पावसाळ्यानंतर तोंडातली वाट बदलते, यंदा खोल पाणी भोगव्याच्या अंगाला आहे, हे त्याला पाठ. पंचा तिकडे दाखवला. फोनवर बंड्याला: "लाटेच्या फुडे जाव नको. तिच्या पाठीवर रव. होडी आडवी करू नको, काय झाला तरी आडवी करू नको."

बंड्याने मोठ्या लाटांची रांग जाऊ दिली, मग मागच्या लाटेच्या पाठीवर होडी बसवली आणि मशीनचा कान धरून तिच्याच चालीने आत. मधे एकदा मागची लाट आत आली, पिंडऱ्यांपर्यंत पाणी. मी कापलेल्या कॅनने उपसत होतो, चहाचा पेला आणि एक रॉड कधी गेला कळलं नाही. तीन-चार मिनिटांचा खेळ. मग एकदम शांत पाणी, आणि काठावर पंचा खांद्यावर टाकून घराकडे निघालेला मामा. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

जॅकेट माझ्या अंगात होतं. बंड्या सकाळपासून स्वतःच्या जॅकेटवर बसला होता. तोंडाशी आल्यावर घातलं.

---

रेवदंड्याची_कोळीण | शनिवार, रात्री ९.४८

मुडदुशे म्हणजे आमच्या रेणव्या. दार वाजवणारा शेजारी आवडला, रेणवी अगदी तशीच खाते.

पण दादा, राग मानू नका, म्हाताऱ्या माणसाने दोन म्हटलं की दोन. माझे सासरे अजून घड्याळ घालत नाहीत. किनाऱ्यावरच्या एका दगडाकडे बघतात, तो किती बुडला त्यावरून सांगतात.

---

चौकटीबाहेर | शनिवार, रात्री ९.५५

फोटो????

---

खाडीपलीकडचा | शनिवार, रात्री १०.०२

तांबोशीचे दोन आहेत, उद्या चढवतो. तोंडातल्या लाटांचे नाहीत. का ते विचारू नका.

---

अर्धज्या | शनिवार, रात्री ११.२०

तुमच्या बाबांचा नियम चुकीचा नाही, पण त्यात दोन गोष्टी लपलेल्या आहेत.

पहिली. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. तिथीच्या हिशेबात घ्यायचं तर १५ तिथींत १२ तास पुरे व्हायला हवेत, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. ४८ ची पाऊणकी कोणाला येणार? म्हणून ४५ धरले. त्यामुळे पौर्णिमेला १५ पाऊणे सव्वाअकरा येतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! दर्या अशी उडी मारत नाही. पंधरवड्याच्या शेवटी शेवटी नियम पाऊण तास मागे पडतो आणि मग गुपचूप भरून काढतो.

दुसरी, तुमच्या कामाची. नियम मुंबईचा आहे. मुंबईत पुनवेला-अवसेला भरती बाराच्या आसपास. पण भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे येते. गोवा-मालवणला ती मुंबईच्या साधारण पाऊण ते एक तास आधी पोचते. तृतीयेला ३ × ४८ = २ तास २४ मिनिटं, त्यातून तास वजा, १ वाजून २४ मिनिटं. मामांचे "सव्वा-दीड".

गंमत म्हणजे हेच तुम्ही त्रयोदशीला गेला असतात, तर पाऊणकीने पावणेदहा आले असते आणि मालवणला ते जवळजवळ बरोबर ठरलं असतं. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मग तुमचा नियमावरचा विश्वास आणखी वाढला असता.

---

खाडीपलीकडचा | शनिवार, रात्री ११.४१

अहो, हे शेवटचं वाचून पोटात गोळा आला. कारण दोन वर्षांपूर्वी मी द्वादशीला गेलो होतो आणि नियम बरोबर आला होता!! तेव्हापासूनच मी मामाला "हातचा राखणारा" म्हणायला लागलो.

---

मालवणी_कोंबडो | रविवार, सकाळी ६.३०

धागो वाचलंय. मामाच्या जाग्यार मी आसतंय तर पंचो दाखवच्या आधी पंच्यान् झोडपलंय आसतंय.

आणि एक. निवतीची जागा अशी उघड कित्याक लिवलंस? फुडच्या महिन्यात थय मुंबय-पुण्याच्यो धा गाडयो येतले.

---

खाडीपलीकडचा | रविवार, सकाळी ८.१५

निवतीचं खडप नकाशावर दिसतं, गुपित काय त्यात. नेमका दगड कुठे ते मी लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. खरं सांगायचं तर मला तो ठाऊकही नाही. बंड्या किल्ल्याचा बुरूज आणि एक माड एका रेषेत आणतो, दुसऱ्या बाजूला आणखी काहीतरी आणतो, आणि म्हणतो "टाक". मी टाकतो.

---

ओपीडीनंतर | रविवार, सकाळी १०.०५

चहाबद्दल. हसत हसत वाचलं, पण तत्त्व बरोबर आहे. शेंगाळा, वाघळी (स्टिंग रे) यांच्या काट्यातलं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. सोसवेल इतकं गरम पाणी, साधारण ४० ते ४५ अंश, त्यात अर्धा ते दीड तास. पाणी आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा. बधिर बोट भाजल्याचं कळत नाही आणि मी असे भाजलेले अंगठे पाहिले आहेत. बर्फ नको. हळद नको, जखमेत कण राहतात.

दातेरी काट्याचा तुकडा आत तुटू शकतो. तीन-चार दिवसांनीही सूज उतरत नसेल तर एक्स-रे काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का? खाऱ्या पाण्यातल्या जखमा वाईट चिघळतात, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुधाचा, साखरेचा चहा जखमेत... बरं, जाऊ दे.

---

खाडीपलीकडचा | रविवार, सकाळी १०.३०

कोरा होता. बंड्या दूध घेत नाही. इंजेक्शन त्याच संध्याकाळी घेतलं. सूज आज कमी वाटते, उद्या दाखवून येतो.

---

शाकाहारी_पण_उत्सुक | रविवार, दुपारी १२.१०

मासे खात नाही, तरी पूर्ण वाचलं. एक शंका: केंड तुम्ही परत टाकला, तो खात नाहीत का?

---

रेवदंड्याची_कोळीण | रविवार, दुपारी १२.३३

नाही बाई/दादा. केंडाच्या अंगात विष असतं, शिजवून जात नाही. आणि जाळ्यात थव्याने शिरला की जाळी फाडून चिंध्या करतो. सिंधुदुर्गातल्या लोकांनी यापायी किती जाळी फेकली असतील. लहान पोरं किनाऱ्यावर फुगलेला केंड दिसला की लाथ मारतात, दातांजवळ बोट नेऊ देऊ नका.

---

हडसनकाठी | रविवार, दुपारी ४.५०

न्यू जर्सीहून. इथे मीही छोट्या बोटीतून जातो, स्ट्राइप्ड बास आणि फ्लुक या माशांसाठी. वाळूच्या पट्ट्यावर ओहोटी आणि वारा समोरासमोर येण्याची गोष्ट वाचून इथले इनलेट (खाडीचं तोंड) डोळ्यांपुढे आले. अगदी तीच भानगड, तीच पांढरी रांग.

एक विचारतो. इथे स्ट्राइप्ड बास दिवसाला माणशी एक, तोही २८ इंच किंवा जास्त आणि ३१ च्या आत. मोठा असला तरी सोडायचा, कारण अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या त्याच. बोटीत मोजपट्टी चिकटवलेली असते. तिकडे असं काही आहे का? ते दोन "छोटे" गोबरे किती छोटे होते?

---

खाडीपलीकडचा | रविवार, संध्याकाळी ६.२०

पकडलंत. एक वीतभर होता, तो सोडायला हवा होता. नाही सोडला.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली आहे. सुरमई ३७० मिलिमीटर वगैरे. पण हे मुख्यतः जाळ्यांच्या मासेमारीसाठी आणि बाजारासाठी डोळ्यांपुढे ठेवलेलं. हौशी गरवणाऱ्याच्या होडीत मोजपट्टी मी तरी पाहिली नाही. पुढच्या वेळी मी चिकटवेन. बंड्या हसेल.

---

मालवणी_कोंबडो | रविवार, संध्याकाळी ६.५८

मोजपट्टी गरवणाऱ्याच्या होडयेत कित्याक? आधी एलईडी दिवे लावन् रात्री पिल्लांसकट दर्यो खरवडतत त्यांका लावा.

---

हडसनकाठी | रविवार, संध्याकाळी ७.१०

दोन्ही लावा ना. एकाने दुसऱ्याचं थांबत नाही.

---

पहिल्यांदाच | रविवार, रात्री ८.४४

नमस्कार, मी वाचनमात्र सभासद होतो, पहिलाच प्रतिसाद. मागच्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब कोकणात अशीच "फिशिंग ट्रिप" घेतली, जागेचं नाव लिहीत नाही. होडीवाल्याकडे आठ माणसांत तीन जॅकेटं, त्यातल्या एकाची पट्टी तुटलेली. मी विचारलं तर म्हणाला, "पाणी कमरेएवढं आहे हो." लेकीला बोट लागली, पूर्ण दोन तास ती डोकं माझ्या मांडीवर ठेवून. मासा एकही नाही. तेव्हापासून घरात मासेमारी हा शब्द काढायची सोय नाही.

बोट लागू नये म्हणून काही करता येतं का? आणि जूनमध्ये सुट्टी आहे, तेव्हा बायकोला न सांगता एकटा येऊ का, कोणी नेईल का?

---

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ९.२०

जूनमध्ये नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, माशांचा विणीचा काळ. आणि बंदी नसती तरी त्या दिवसांत खाडीच्या तोंडातून बाहेर जायचं म्हणजे वेडेपणा. नारळी पौर्णिमेनंतरही लगेच नाही, दर्या निवळायला ऑक्टोबर उजाडतो. आमच्यासारख्या छोट्या होडीला डिसेंबर ते मार्च.

बोट लागण्याचं: रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंबही नको. नांगरलेल्या होडीत खाली बघून गाठी मारत बसलं की लागतेच, मला अजूनही लागते. मान वर, नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या घरावर. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर. लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती बाहेरच येते.

आणि कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडत नाही असं कोणी म्हणालं की उतरून दुसरी होडी बघा.

---

दगडावरची_शेवाळ | सोमवार, सकाळी ७.५०

मालवणात किल्ल्याच्या आसपास गरवणाऱ्यांसाठी, कारण कोणी बोललं नाही: तिथे सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, एकूण २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे ३.२ चौरस किलोमीटरचा गाभा. त्या गाभ्यात गरी टाकायची नाही. पाण्याखाली प्रवाळ आहे, नांगर टाकला तरी मोडतं. देवबाग-निवती त्या गाभ्याबाहेर, पण हौशी मंडळी मालवण बंदरातून "किल्ल्यामागे जाऊया" म्हणतात तेव्हा हे कोणी सांगत नाही.

---

तिरफळ | सोमवार, सकाळी ९.१५

सगळे लाटा, विष आणि मोजपट्टीवर बोलताहेत. मुद्द्याचं कोणी विचारत नाही. माशांचं काय केलंत???

---

खाडीपलीकडचा | सोमवार, दुपारी १.३०

देव तुमचं भलं करो.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. मामीची कडक. म्हणजे वीस मुडदुशे, दोन गोबरे, एक तांबोशी आणि तो शेंगाळा (हो, आणला; सूड म्हणून) हे सगळं त्याच रात्री संपवायचं. मामीने आधी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग मामाकडे, मग शेंगाळ्याकडे, आणि शेंगाळा शेजारी देऊन टाकला.

मुडदुशांना नुसतं मीठ, हळद, मिरचीपूड, कोकमाचं आगळ. तांदळाच्या पिठात घोळवून खोबरेल तेलात. शेपट्या कुरकुरीत, मधलं मांस पांढरं, हलकं, काटा एकच, मधला. तांबोशीचं सार. मी तिरफळ घाल म्हटलं तर मामी म्हणाली, तिरफळ बांगड्याला, पेडव्याला. तांबोशीत घालून तिची चव कशाला मारायची. (तुमच्या नावाचा अपमान नाही.) गोबऱ्याची डोकी बंड्याने एकट्याने खाल्ली.

मामा जेवेपर्यंत काही बोलला नाही. मग हात धुऊन आला आणि विचारलं, "काय ता तुझा गणित? सांग बघूया." मी सांगितलं. तीन पाऊणे सव्वादोन. तो बराच वेळ बोटांवर मोजत राहिला. म्हणाला, "पाऊणकी बरोबर हा. पण सुरवात खयसून?" त्याचा हिशेब असा: पुनवेक-अवसेक अकराक भरता, थयसून रोज पाऊण तास फुडे. तृतीयेला अकरा अधिक सव्वादोन तास, सव्वा वाजता. बस. माझं आणि त्याचं गणित एकच होतं. तो त्याच्या खाडीतून मोजायला सुरुवात करत होता, मी गिरगावातून.

मग म्हणाला, "तुझ्या त्या मुंबयच्या पाऊणकीत आमचो दर्यो बसाचो नाय."

---

अर्धज्या | सोमवार, दुपारी २.०५

अकरा अधिक तिथी गुणिले पाऊण. मामांना माझा दंडवत कळवा. फक्त एक भर: आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि वारा, खाडीत वरून येणारं पाणी यांनी वेळ दहा-वीस मिनिटं हलते. त्यामुळे कोणतंही सूत्र अर्ध्या तासाच्या आत घट्ट धरू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं आहेत, हैदराबादचं इनकॉइस उंच लाटांचे इशारे देतं. फोनवर दोन मिनिटांत दिसतं.

---

रेवदंड्याची_कोळीण | सोमवार, दुपारी २.४०

आणि फोन बुडाला तर दगड बघा.

---

पहिल्यांदाच | सोमवार, रात्री १०.१५

बायकोला सांगितलं. (धागा वाचायला दिला, चूक झाली.) ती म्हणते जायचं तर फेब्रुवारीत, सगळ्यांनी, आणि मामा स्वतः होडीत हवेत.

---

खाडीपलीकडचा | सोमवार, रात्री १०.५०

मामाला विचारलं. गुडघ्यांचं म्हणाला, मग लेक किती वर्षांची आहे ते विचारलं, मग म्हणाला आणा. माघ वद्य अष्टमीच्या आसपास या. भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी फारसं ओढत नाही, भोगव्यासमोर वाळूवर बसून मुडदुशे गरवू, खडपाकडे जाणार नाही. दुपारचा वारा सुटायच्या आत परत.

जॅकेटं मापाची आपापली आणा, लहान मुलांची इथे मिळत नाहीत. गऱ्या, तंगूस, सुंगटं आमच्याकडे. चहा कोरा, दोन थर्मास: एक पिण्यासाठी.

---

मालवणी_कोंबडो | सोमवार, रात्री ११.०२

शेंगाळ्याक सांगून ठेवतंय.